चिठ्ठीवरचं नाव

पत्र्याच्या छपराखाली दहा-बारा पुरुष एकदम गायला लागले की कसा आवाज होतो, तुला ठाऊक आहे का? आधी खुर्च्या सरकतात, मग कोणीतरी खाकरतं, मग एक जाडसर आवाज सुरुवात करतो आणि बाकीचे त्याला धरायला धावतात. कोणी दोन शब्द पुढे, कोणी तीन शब्द मागे. एकाच वाटेनं निघालेली माणसं असावीत आणि ज्याच्या त्याच्या चपलांचा आवाज वेगळा यावा, तसं ते गाणं. पत्रा थरथरतो. आढ्यावरच्या चिमण्या घाबरून बाहेर येतात आणि समोरच्या करंजाच्या झाडावर बसतात. त्याच झाडाखाली आम्ही बायका बसलेल्या असतो. आम्ही हसतो. पण खरं सांगू? मी हसता हसता कान देऊन त्या गलक्यातला एक आवाज शोधत असते. सगळ्यांत बेसूर आहे, म्हणून चटकन सापडतो. तो आमच्या ह्यांचा.

आमचं प्रार्थनाघर कारेगावात आहे. रविवारची मिस्सा, म्हणजे आमची सगळ्यांची उपासना, झाली की बायका बाहेर येतात आणि पुरुष तासभर आत थांबतात. त्या तासाला सगळे ‘सोबत’ म्हणतात. किती साधा शब्द आहे हा! लहानपणी विहिरीवर जायचं तर सोबत लागायची, अंधारात परसात जायचं तर लागायची, पहिल्यांदा सासरी जाताना तर पाठराखीण म्हणून एक आत्याच सोबतीला आली होती. पण सोबत मागायची ती बायकांनी आणि लेकरांनी. एखाद्या दाढीमिशीवाल्या माणसानं ‘मला जरा सोबत हवी आहे’ असं म्हटलेलं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांना भीती वाटत नसेल का? की भीती सांगायला शब्दच नसेल?

आमच्या ह्यांच्याकडे तर फार थोडे शब्द होते. कंपनीतून आले की ‘चहा’, निघाले की ‘डबा’, झोपताना ‘लाईट बंद कर’. वाईट माणूस म्हणून नव्हे. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आले नाहीत. पण रीना, आमची मुलगी, नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा कळलं की इतकी वर्षं आम्ही एकमेकांशी नाही, तिच्याशीच बोलत होतो. ती होती तोवर ‘पप्पांना सांग’, ‘मम्मीला विचार’ असं चालायचं. ती गेली आणि निरोप्याच गेला. भांड्यांचाच काय तो आवाज. एकदा ह्यांच्या मोबाइलवरून मी माझाच फोन लावला, माझा सापडत नव्हता म्हणून; तर कपाटावर वाजणाऱ्या फोनपेक्षा मला ह्यांच्या फोनवरचं नाव जास्त वाजलं. तिथे लिहिलं होतं, ‘घर’. मी म्हणजे घर. वाचून आधी बरं वाटलं, मग मनात आलं: घराला कोणी हाक मारतं का? घरात नुसतं यायचं असतं.

तेव्हाच मी मनात ठरवलं होतं की नाताळ झाला की दौंडला भावाकडे जायचं. किती दिवस, ते ठरवलं नव्हतं. न ठरवणं हेच ठरवणं होतं, हे तुला सांगायला आता हरकत नाही. एक पिशवी भरून खाटेखाली ठेवली होती. चार साड्या, जपमाळ, आणि रीनाचा लहानपणचा फोटो.

अशात फिलीपमामा आमच्या गल्लीत राहायला आले. दौंडला रेल्वेत नोकरी केलेले, मामी जाऊन तीन वर्षं झालेली, आता इथे मुलाकडे. त्यांनीच ही ‘सोबत’ सुरू केली. ह्यांना बोलवायला आले तर हे म्हणाले, “मी काय बालवाडीतलं पोर हाय का मामा, गोल करून बसायला?”

मामा तसेच परत गेले. पुढच्या रविवारी मात्र गुडघ्यावर हात ठेवून दारात उभे. “अंतोन, चालवत न्हाई बाबा. तेवढं गाडीवरनं नेऊन सोड, आन् संपलं की आणून सोड.” आता म्हाताऱ्याला परत न्यायचं म्हणून तासभर बाहेर गाडीपाशी कसं थांबायचं? हे आत जाऊन बसले. असे तीन-चार रविवार गेले, आणि मग मीच पाहिलं, मामा टणाटण चालत दुधाला जात होते!

झाडाखाली आमच्या चेष्टेला मग ऊत आला. माझी शेजारीण मार्था म्हणायची, “आत काय शिकत्यात गं? पोळ्या लाटाया? परवा माझ्यावाल्यानं चहा पिऊन कप उचलून मोरीत नेऊन ठिवला. मी कपाळाला हात लावून बघितला, ताप हाय का म्हणून!” आम्ही हसून हसून पदर तोंडाला लावला. पण मी मनात नोंद घेतली होती की ह्यांनीही गेल्या आठवड्यात जेवताना एकदा वर पाहिलं होतं. भाजीकडे नाही, माझ्याकडे. आणि मग घाईघाईनं म्हणाले होते, “बरी झालीय.” भाजी की मी, ते काही सांगितलं नाही.

नाताळाच्या आदल्या शनिवारी हे म्हणाले, ओव्हरटाईम आहे. सकाळी गेले. दुपारी दौंडहून वहिनीचा फोन. “वन्सं, दाजी इकडं आलं व्हतं व्हय? मंडईतनं येताना चर्चच्या फाटकात दिसलं. हाक मारंस्तवर आत गेलं.” माझ्या हातातली लाटी तशीच राहिली. कारेगावहून शिरूर, शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंड, उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला तो सगळा रस्ता खोटं बोलून ह्या माणसानं का तुडवला असेल? आणि जिथे माझा बाप्तिस्मा झाला, जिथे आमचं लग्न लागलं, तिथेच? लग्न लागलं त्या जागीच माणूस लग्नाची तक्रार घेऊन जातो ना? मला वाटलं, माझ्या आधी ह्यांनीच पिशवी भरली. संध्याकाळी आले ते उसाच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. “ओव्हरटाईम जास्त झाला का?” मी विचारलं. “व्हय,” म्हणाले आणि उगाच हसले. इतक्या वर्षांत हे उगाच हसलेले मला आठवत नाहीत. मी जास्तच घाबरले.

नाताळ असा धाकधुकीतच गेला. करंज्या केल्या, चांदणी टांगली, रीना दोन दिवस येऊन गेली. मग आला येशू, मरिया आणि योसेफ यांच्या पवित्र कुटुंबाच्या सणाचा रविवार. मी ठरवलं होतं, ही मिस्सा झाली की दुपारच्या एस.टी.नं निघायचं.

मिस्सेच्या शेवटी फादर म्हणाले की ‘सोबत’मधल्या प्रत्येक पुरुषानं आपल्या बायकोचं नाव चिठ्ठीवर लिहून वेदीवर ठेवलं आहे, नाव वाचलं की त्या बाईनं पुढे यावं, दोघांनी मिळून मेणबत्ती लावावी. पुढे, सगळ्यांसमोर? मी कायम शेवटून दुसऱ्या बाकावर, खांबाआड बसणारी. वाचन करायला कधी गेले नाही, गाणंही ओठातल्या ओठात म्हणणारी. पण मग मनात म्हटलं, ह्यांनी माझं नाव लिहिलंच कशाला असेल?

मार्था गेली. सुशीला गेली. आणखी दोघी गेल्या. मग फादरांनी एक चिठ्ठी उलगडली आणि वाचलं, “सिसिलिया.”

कोणीच उठलं नाही.

“सिसिलिया,” फादर पुन्हा म्हणाले.

परत येऊन बसलेली मार्था कुजबुजली, “कोण गं ही? झारखंडवाल्यांतली असंल.” कंपनीत कामाला आलेल्या झारखंडच्या बायका आमच्या मागे बसतात. मीही मान वळवून पाहिलं. त्यांतली एक हळूच म्हणाली, “हममें तो कोई नहीं है, दीदी.” मला त्या सिसिलियाची कीव आली. नवऱ्यानं एवढं नाव लिहिलं आणि ही बाई आलीच नाही!

पुढे पाहिलं तर वेदीपाशी आमचे हे उभे. हातात न पेटलेली मेणबत्ती, कान लाल झालेले, आणि डोळे सरळ माझ्यावर. सगळं प्रार्थनाघर गप्प. आणि त्या शांततेत ह्यांचा आवाज, कारखान्यातल्या यंत्रावरून हाक मारावी तसा:

“अगं, तूच!”

काय हशा पिकला! फादरसुद्धा चिठ्ठी तोंडापुढे धरून हसले. पहिल्या बाकावरून फिलीपमामा ओरडले, “आरं, नाव घे की! चिठ्ठीत लिवलंस नव्हं?”

ह्यांनी मेणबत्ती दुसऱ्या हातात घेतली. मग हळू, पहिलीतलं पोर बोट ठेवून वाचतं तसं म्हणाले, “सि-सि-लि-या.”

तेव्हा आठवलं. माहेरी मी बेबी. शाळेत चौथीपर्यंत हजेरीतही बेबीच. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळात नाव लिहिलं शांता, कारण मी बोलत नव्हते. तेच रेशनकार्डावर, तेच आधारकार्डावर. पण या दोन्हींच्या आधी, मला हातात धरून, माझ्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडताना माझ्या बापानं देवाला सांगितलेलं एक नाव होतं. कपाटात खाली गेलेल्या चांगल्या भांड्यासारखं ते कधी वापरलंच गेलं नाही. ते ऐकून मी उठले. खांबाआडून वेदीपर्यंत किती पावलं असतील? मला वाटलं मी दौंडपर्यंत चालत निघाले आहे. ती एक मेणबत्ती लावायला आम्ही दोघांनी मिळून तीन काड्या संपवल्या.

घरी जाताना गाडीवर ह्यांनी सगळं सांगितलं. मागे न वळता, वाऱ्यात, कारण तोंडाकडे पाहून सांगणं ह्यांना जमलं नसतं. चिठ्ठ्या लिहायच्या दिवशी आत काय गोंधळ झाला होता! एकानं लिहिलं ‘मिसेस’, एकानं ‘पोरांची आई’. ह्यांनी ‘शांता’ लिहून दिलं. तर मामा म्हणाले, “हे सासूनं ठिवलेलं. देवाला ठावं हाय ते कंचं?” ह्यांना येईना. मग मामाच म्हणाले, “माझी गेली तवा तिच्या क्रुसावर नाव लिहायला माणूस आला. मी म्हटलं, थांब, पोराला इचारून सांगतो.” बस, एवढंच. पुढच्या शनिवारी हे दौंडला जाऊन चर्चमधलं बाप्तिस्म्यांच्या नोंदींचं जुनं पुस्तक उघडून बसले होते. माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला घरातच होता, पण तो माझ्या पेटीत, लग्नाच्या साडीच्या घडीत; तिथे हात घालायला मला विचारावं लागलं असतं.

“तुझ्या बापाची सही बघितली,” हे म्हणाले. “तू किराण्याच्या यादीत वेलांटी काढती ना, तश्शीच.”

मी म्हटलं, “पण लग्नात फादरांनी घेतलं होतं की हे नाव. तुम्ही ऐकलं नाही?”

“ऐकलं की. मला वाटलं कुठल्या संतिणीला हाक मारत्यात.”

मी इतकी हसले की गाडी डुलली. आणि नावाचं म्हणशील तर मी तरी कुठे घेतलं होतं? उखाण्यात एकदा, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून.

फाटकाशी उतरल्यावर हे गाडीच्या किल्लीशी खेळत उभे राहिले. “खाटंखाली पिशवी दिसली व्हती मला,” म्हणाले. “केर काढताना.”

केर काढताना! हे कधीपासून? पण मी ते विचारलं नाही. म्हटलं, “मग काहीच कसं बोलला नाहीत?”

“कसं थांबवायचं? काय म्हणून हाक मारायची, तेच कळंना.”

त्या दुपारची एस.टी. माझ्याशिवाय गेली. पिशवीतल्या साड्या कपाटात, जपमाळ खुंटीला, फोटो भिंतीवर गेला. दौंडला मी नंतर गेलेच, पण दोघं मिळून, आणि दोन दिवसांत परत आलो. ह्यांना रविवार चुकवायचा नव्हता.

फादरांनी नंतर सांगितलं की संत सिसिलिया ही गाणाऱ्यांची संतीण. हे ऐकून आमचे हे म्हणाले, “म्हंजी घरात गाणारी मुकी, आन् गातोय मी!” घरात अजूनही ते कधी शांता म्हणतात, कधी नुसतं अगं. फोनवरचं ‘घर’ मी बदलू दिलं नाही. ते बरंच आहे, आता त्याला हाक मारणारं कोणी आहे म्हटल्यावर. आणि हे सगळं लिहिताना मीसुद्धा पानोपानी ‘हे’ आणि ‘ह्यांनी’ करत बसले आहे, बघ. तर एकदा लिहून टाकते. अंतोन. लिहिलं! कोणी पाहिलं तर नाही ना?

परवाच्या रविवारी पुन्हा करंजाखाली बसले होते. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी खाकरलं, पत्रा थरथरला, चिमण्या बाहेर आल्या. त्या सगळ्या गलक्यात तो बेसूर आवाज मी शोधून काढला आणि ओठातल्या ओठात त्याच्यासोबत दोन ओळी म्हटल्या. मग गाणं थांबलं, दार उघडलं, आणि उन्हात डोळे मिचकावत कोणीतरी मोठ्यानं हाक मारली, “सिसिलिया, चल गं!”

मी अजूनही आधी मागे वळून बघते, कोण ही सिसिलिया. मग उठते.