लेफ्टनंट ट्रजियनचा हात

हेडली ट्रजियनच्या नाकाचं हाड मोडलं ते डेव्हनपोर्टच्या प्रशिक्षण जहाजावर, इंग्लंडच्या आरमारात भरती होऊन आठवडा होतो न होतो तोच. कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन गावच्या कोळ्याचा मुलगा तो. तोफेचा गोळा उचलताना हात घसरला, तसा शिकवणाऱ्या स्क्यूजने हातातला दांडा सरळ त्याच्या तोंडावर हाणला. डेकवर रक्त ठिबकायला लागलं.

"पूस ते," स्क्यूज म्हणाला. "राणीचं लाकूड आहे, तुझ्या बापाची होडी नव्हे."

हेडलीने गुडघ्यावर बसून रक्त पुसलं. जगात मारणारे आणि मार खाणारे असे दोनच वर्ग असतात, अशी त्याची त्या दिवशी खात्री झाली, आणि आपण कुठल्या वर्गात जायचं तेही त्याने तिथेच ठरवलं. पुढे माल्टाच्या बंदरात मुष्टियुद्धात त्याने एका धिप्पाड मरीनला आडवा केला. तो मरीन दोन दिवस शुद्धीवर आला नाही. पण कप्तानाच्या डोळ्यांत हेडली भरला. पोरगा तोफेवरही तरबेज होता. खलाशाचा तोफवाला झाला, तोफवाल्याचा प्रमुख झाला, आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, आरमाराने खालच्यांतून अधिकारी घ्यायचं ठरवलं तेव्हा, लेफ्टनंटही झाला.

अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मात्र त्याचं जमेना. 'ब्रॅम्बलिंग' या विनाशिकेचा कप्तान फॅनशॉ हा सरदारघराण्यातला. एकदा जेवताना तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ट्रजियन, मासा मेलाय हो. हातातला काटा इतका खुपसू नका."

सगळे हसले. हेडलीही हसला. आणि दुसऱ्या दिवशी कवायतीत उशीर केला म्हणून एका खलाशाच्या बरगडीत त्याने गुद्दा घातला. अधिकाऱ्याने हात उचलायचा नाही, हा नियम. पण खलाशी तक्रार करत नसत. बॉयलरखोलीचा मुकादम विल्फ ऑडी, हल शहरचा फाटक्या तोंडाचा माणूस, फक्त म्हणाला, "साहेब झालात खरे, पण गुद्दा अजून खालच्याच मजल्यावरचा आहे तुमचा."

"तुला हवाय का एक?"

"नको. नाश्ता झालाय माझा."

एवढं बोलायची मुभा हेडलीने ऑडीलाच दिली होती. दोघं तंबाखू वाटून ओढत.

सतरा सालच्या वसंतातली गोष्ट. बेल्जियमच्या किनाऱ्यावर पहाटेचं धुकं फाटलं आणि समोर अगदी दगडाच्या टप्प्यात जर्मन विनाशिका दिसली. पहिला गोळा 'ब्रॅम्बलिंग'च्या वरच्या मजल्यावर फुटला. फॅनशॉचा एक हात खांद्यापासून लोंबू लागला; तरी तो ओरडला, "घाला अंगावर!" 'ब्रॅम्बलिंग'चं नाक जर्मन जहाजाच्या कुशीत घुसलं आणि अडकून बसलं. दोन्ही जहाजं गळ्यात गळा घालून कण्हू लागली. तिकडचं जहाज फाटून कलंडत होतं आणि माणसं 'ब्रॅम्बलिंग'च्या नाकावर चढू लागली होती.

"वर येतायत! जहाज घ्यायला येतायत!" कुणीतरी किंचाळलं.

हेडलीने आखूड तलवार उपसली आणि हाताशी सापडतील ती माणसं घेऊन पुढे धावला. डेक रक्ताने आणि तेलाने निसरडा झाला होता. एकाला त्याने पोटात भोसकलं. दुसऱ्याच्या बोटांवर घाव घातला, तसा तो कठडा सोडून खाली दोन पत्र्यांमध्ये गेला; जहाजं हलली आणि त्याचा आवाज बंद झाला. शेजारी ऑडी लोखंडी पाना दोन्ही हातांनी फिरवत होता. मग धुरातून एक जण हेडलीच्या समोर आला. अंगावर नुसता भिजलेला सदरा. हेडलीने मान आणि खांद्याच्या मध्ये वार केला. तलवार हाडात रुतली. ओढून काढायला त्याला त्या माणसाच्या छातीवर पाय द्यावा लागला.

तोवर जहाजं सुटली. जर्मन विनाशिका बुडाली.

सगळं शांत झाल्यावर ऑडी त्याच्याजवळ आला. "साहेब, तो शेवटचा. त्याच्या हातात काही नव्हतं. हात वर करत होता तो."

"दिसलं मला."

"मग?"

"दिसलं, पण हात थांबला नाही," हेडली म्हणाला, आणि तलवार पुसायला लागला.

ती माणसं जहाज घ्यायला चढली होती की बुडत्या जहाजावरून जीव वाचवायला, हे कुणी विचारलं नाही. हेडलीला पदक मिळालं. न्यूलिनच्या चॅपेलमध्ये त्याच्या नावाने प्रार्थना झाली. त्याची बायको लव्हडे ते पदक पाहून म्हणाली, "कशाबद्दल रे?" तो म्हणाला, "चढणाऱ्यांना अडवल्याबद्दल." त्यानंतर ऑडीबरोबर तंबाखू ओढणं आपोआप बंद पडलं.

युद्ध संपलं. लोक घरी जायची वाट पाहत होते आणि हुकूम आला तो बाल्टिक समुद्रात जाऊन रशियातल्या क्रांतिकारकांशी लढायचा. 'ब्रॅम्बलिंग'चे खलाशी खालच्या मजल्यावर दार लावून बसले. पुढारी ऑडी. नवा कप्तान पांढराफटक पडला. "ट्रजियन, तुम्ही त्यांच्यातले. जा, आणा त्यांना वर."

हेडली पिस्तूल घेऊन एकटाच खाली उतरला.

"विल्फ, ऊठ. जहाज निघालंय."

"लढाई संपली साहेब. राजाने स्वतः सांगितलंय."

"शेवटचं सांगतो."

ऑडी उठला. त्याने दोन्ही हात हळूच डोक्याच्या वर नेले आणि सगळ्यांकडे पाहत म्हणाला, "हे बघा, नीट दिसतायत ना? का या वेळीही हात थांबायचा नाही साहेबांचा?"

कुणीतरी फिसकन हसलं. हेडलीने पिस्तुलाचा दस्ता ऑडीच्या तोंडावर घातला. ऑडीने पाना उचलला आणि हेडलीचा उजवा कान फाडला. मग हेडलीला काही सुधरलं नाही. ऑडी खाली पडल्यावरही तो मारत राहिला. डोळ्यावर, कानशिलावर, पुन्हा डोळ्यावर. सहा जणांनी मिळून त्याला ओढून काढलं. ती झटापट बघून बाकीचे मुकाट्याने कामाला लागले आणि जहाज निघालं. ऑडीला एक डोळा गमवावा लागला, वर सक्तमजुरी. हेडलीला कप्तानाने शेरी पाजली.

बावीस साली आरमाराने अधिकारी कमी केले. खालून वर आलेले आधी गेले. ट्रजियन न्यूलिनला परतला. धक्क्यावर लोक त्याला 'कॅप्टन' म्हणत आणि दोन पावलं लांबून जात.

पुढच्या हिवाळ्यात तो लव्हडेला काही न सांगता गाडीत बसला आणि हल शहरात गेला. माशांच्या गोदीवर ऑडी बर्फ फोडत होता. एका डोळ्यावर कातडी पट्टी. त्याने मान वळवून नीट पाहिलं.

"काय रे ट्रजियन?" साहेब नाही, तुम्ही नाही.

"माफी मागायला आलोय, विल्फ."

"मागितलीस. आणखी?"

हेडली तसाच उभा राहिला, हात खाली सोडून. ऑडीच्या हातात बर्फ फोडायचा टोचा होता. ऑडी हेडलीकडे बघून खिन्नपणे हसला.

"मी मारावं म्हणून आलायस होय? आणि मग हलकं होऊन घरी जायचं? नाही मारणार. जा, तुझं तू सांभाळ."

तो बर्फाकडे वळला. टोच्याचे घाव पुन्हा सुरू झाले.

हेडली तिथून निघाला तो थेट गोदीजवळच्या दारूच्या गुत्त्यात. एका हमालाने त्याच्या फाटक्या कानावरून थट्टा केली. एवढंच. हेडलीने त्याचा जबडा मोडला, त्याच्या मित्राला काचेच्या दारातून बाहेर फेकलं, आणि पोलीस येईपर्यंत खुर्ची धरून उभा राहिला. न्यायाधीशाने पदकाचा मान म्हणून शिक्षा कमी केली, तरी तुरुंग चुकला नाही.

सुटला त्या सकाळी दाराबाहेर लव्हडे उभी होती. कॉर्नवॉलहून एवढ्या लांब ती पहिल्यांदाच आली होती. स्टेशनवर बाकावर बसून तिने फडक्यात बांधलेली मांस-बटाट्याची पेस्टी काढली, मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

"लव्हडे, त्या पदकाचं..." तो म्हणाला. आणि त्याने सांगितलं. भिजलेला सदरा, वर जाणारे हात, छातीवर दिलेला पाय, सगळं.

तिचं खाणं थांबलं.

"केवढा होता तो?" तिने विचारलं.

"विशीतला असेल. मिसरूडही धड नव्हतं."

लव्हडेने आपली अर्धी पेस्टी पुन्हा फडक्यात बांधली. गाडी आली तेव्हा ती आधी उठली, डब्यात चढली आणि खिडकीजवळ बसली. तो समोर बसला. तिने त्याला 'शेजारी ये' म्हटलं नाही, पण वाटेत त्याच्या कानाला वारा लागत होता तेव्हा खिडकी ओढून घेतली.