पांढऱ्या गमबुटांची डेअरी

आमचा शेजारी मुंबईची नोकरी सोडून आला आणि हापूसच्या बागेला जोडधंदा म्हणून त्याने शेळ्यांची डेअरी काढली. दापोलीला जाऊन ट्रेनिंगही घेतलंन. गोठ्यात शिरताना पांढरे गमबूट घालतो आणि शेळ्यांना "मॅडम, जरा सरका" म्हणतो. एवढ्या अदबीने मी बायकोशी चाळीस वर्षांत बोललो नाही.

दूध गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात जायचं. वास येतो म्हणून ते परत यायला लागलं. ह्याने कॅन बदलले, खाद्य बदललं, साबण बदलला. बोकड मात्र दूध काढायच्या जागेशेजारी, पंख्याखाली, जावयासारखा बसलेला. मी कुंपणावरून बघायचो. शिकलेल्या माणसाला आपण काय सांगणार?

गेल्या महिन्यात तो पडवीत येऊन खालीच बसला. "काका, उद्या वास आला तर हॉटेलवाला दूध बंद करणार. काकींच्या शेळ्यांच्या दुधाला कधी वास नसायचा. त्या काय करायच्या?"

तिला जाऊन दोन पावसाळे झाले. येणारे मला जेवलात का, विचारतात. ती काय करायची, हे कोणी विचारलं नव्हतं.

"बोकड लांब बांधायची," मी म्हटलं. "त्याचा वास दुधात उतरतो. एवढं तुझ्या बुटांना कळलं नाही?"

दोघांनी मिळून बोकड ओढत फणसाखाली नेला. दूध चालू राहिलं. गोठ्याच्या भिंतीवर त्याचा नियमांचा कागद आहे. त्यात बोकडाचा नियम लिहिलान आणि त्याच्यापुढे तिचं नाव. मी अक्षरं जुळवत वाचतो. रोज सकाळी जातो. त्याला सांगितलंय, बोकडावर लक्ष ठेवायला येतो.