हिंदुरावांची तहान

लासुर्ण्याच्या हिंदुरावांना सगळा गाव तात्या म्हणायचा. पेरूची बाग आणि बागेत हिंडणारी मोकाट कुत्री, एवढाच ह्यांचा संसार, असं त्यांची बायको सिंधुबाई चिडून म्हणायची. जेवायला बसले की पहिली भाकरी ते कुत्र्यांनाच मोडून घालत.

श्रावणात एक पिल्लू बागेच्या तारेत अडकलं. तोंडातून लाळ गळत होती. तात्यांना वाटलं, भ्यालंय बिचारं. सोडवताना ते मनगटाला चावलं. दात बारीकच उमटले होते. तात्यांनी त्यावर हळद-चुना दाबला आणि घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

दिवाळी सरली आणि तोच हात झिणझिणायला लागला. मग ताप आला. एका सकाळी सिंधुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तात्यांचा गळा असा आवळला की त्या झटक्यानं तांब्या तिच्या हातातून उडाला.

मुलगी अनिता इंदापूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. निरोप मिळताच ती एसटीनं आली. तात्या घामाघूम झालेले पाहून तिनं पंखा लावला. नुसत्या वाऱ्यानं त्यांचं अंग ताठलं, ते कळवळले. अनितानं बटण बंद केलं.

"तात्या, कुत्रं चावलं होतं का तुमाला?"

"व्हय. पिल्लू हुतं गं. त्यानं काय हुतंय?"

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना अंधाऱ्या, वेगळ्या खोलीत ठेवलं आणि अनिताकडे पाहून फक्त नकारार्थी मान हलवली. बाहेर व्हरांड्यात तिचा धाकटा भाऊ लखन चिडला.

"अक्का, सुई द्या म्हणावं की! कुत्र्याची सुई असती न्हवं?"

"ती चावल्या चावल्या घ्यायची असती, लखन." अनिता खाली बघत बोलली. "ह्या विषाणूच्या अंगावर काटे असतात. आपल्या स्नायूत नस जिथं येऊन टेकते, तिथं पेशीवर रिसेप्टर असतात. नसेचा निरोप घेण्यासाठी असतात ते. हा नेमका त्यांनाच काटा अडकवतो. मग नसेत शिरतो आणि हळूहळू वर चढतो. वेळेवर सुया घेतल्या तर औषध त्या काट्यांवरच जाऊन बसतं. विषाणूला धरायला जागाच मिळत नाही."

"मग द्या की आता!"

"आता तो मेंदूत पोचलाय."

"एवढं सगळं ठावं हाय, आन् करता काय बी येत न्हाय?"

"न्हाय," अनिता म्हणाली.

झटके थांबले की तात्या अगदी शुद्धीवर असत. ते माणसं ओळखत, आणि तेच घरच्यांना जास्त सोसत नव्हतं.

"अने, लई तहान लागलीया. घोटभर दी."

तिनं हातमोजे घालून कापसाचा ओला बोळा ओठांजवळ नेला. तो टेकायच्या आतच त्यांची मान मागं ओढली गेली. बऱ्याच वेळानं श्वास जागेवर आला तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "ऱ्हाऊ दी, बाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. शेवटपर्यंत पाण्याचा थेंब पोटात गेला नाही.

घरात ज्यांच्या हाताला त्यांची लाळ लागली होती, त्यांना डॉक्टरांनी सुया घ्यायला सांगितल्या. रांगेत सिंधुबाईचा नंबर आला, तशी ती हात मागं घेऊन उभी राहिली.

"मला कशाला? त्यांना मिळाली न्हाय ती."

अनितानं आईच्या झंपराची बाही वर सरकवली आणि तिचा दंड घट्ट धरून ठेवला.