डाव्या अंगाच्या बांध्या

“पान्याले सोयरा नसते जी,” असं म्हणून ते दोन्ही तळहात पुढे धरायचे, तराजूच्या पारड्यांसारखे एका पातळीत. लकव्यानंतर त्यातला डावा हात जरा खाली राहायचा. त्यांच्या ते ध्यानात येत नसे आणि मीही कधी सांगितलं नाही.

तुमच्याकडे गावतळं असेल तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि तळ्याचं पाणी पाळीपाळीनं बांध्यांना देणाऱ्याला पाणकर. खांद्यावर फावडं घेऊन पाटाच्या काठानं खाली चालत जायचं, बांधी आली की काठ फोडायचा, भरली की माती ओढून बुजवायचा. हे काम गाव सोपवतं ते माणसाची नियत पाहून. यांनी ते वीस-बावीस वर्षं केलं आणि त्यांच्या पाण्याबद्दल कोणी ब्र काढला नव्हता.

मी कोहमाऱ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात डोळे तपासतो. भादव्यात पावसानं ओढ दिली होती, तेव्हा ते पहिल्यांदा आले. एकटेच.

“गाववाले म्हनतात डोरे दाखवून ये. डाव्या अंगाच्या बांध्या कोरड्या राहून राहिल्या म्हनतात. मी तं सगऱ्या भरल्या.”

बोलता बोलता त्यांनी सांगितलं की उन्हाळ्यात हलका लकवा येऊन गेला. हातपाय आठ दिवसांत ताळ्यावर आले होते, म्हणून घरच्यांनी तो विषय मिटवला होता. मीही मिटवला. बाहेर रांग होती. भिंतीवरच्या तक्त्यातल्या एकेका इंग्रजी ‘ई’वर मी काडी ठेवत गेलो. त्या अक्षराला ते फणी म्हणाले. “फनी खाली. फनी वर. फनी खिडकीकडे. सोपं आहे जी तुमचं.” एकही चुकली नाही. मी कागदावर लिहिलं, दोन्ही डोळे चांगले. सही केली, शिक्का मारला. कागदाची घडी खिशात घालत ते म्हणाले, “आता बोला म्हना कोनाले बोलाचं ते.”

डोळे चांगलेच होते. बिघाड मेंदूत होता. लकव्यात कधी कधी दोन्ही डोळ्यांसमोरचं अर्धं जग जातं. अंधार पडत नाही की पडदा येत नाही. ती बाजू नसतेच, आणि ती नाही हे त्या माणसाला कळतही नाही. हे सगळं मी शिकलेलो आहे, परीक्षेत लिहून पास झालेलो आहे. त्यांच्या डाव्या अंगाला एक बोट हलवून पाहायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी दिलं नाही. त्याचा मला आजही राग येतो.

पुढच्या पाळीला डाव्या बांध्या पुन्हा कोरड्या राहिल्या. धान पोटरीत होतं, पाणी नेमकं तेव्हाच हवं होतं. लोक अंगावर आले. त्यांनी मोठ्या विश्वासानं माझा कागद काढून दाखवला. तिथंच घात झाला. उजव्या अंगाला त्यांच्या जावयाची बांधी होती.

“डोरे चांगले हायेत, मंग आमच्याच बांध्या काऊन सुटल्या? जवायाची नाही सुटली ते!”

यानंतर ते आले ते बायकोसोबत. म्हातारी दारातूनच सुरू झाली. “काय लिहून देल्लं जी तुमी? बुढा चौकटीले खांदा आपटून राहिला. थारीतली डावीकडची भाजी त्याले दिसत नाही. अन् तुमी म्हनता डोरे चांगले!”

मी त्यांना समोर बसवलं, माझ्या नाकाकडे पाहायला सांगितलं आणि डावीकडे बोट हलवू लागलो. ते शांतपणे माझ्या नाकाकडे पाहत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “करा नं जी सुरू.” म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत राहिले. मग विचारलं, “मंग त्या बांध्या मी सोडल्याच?”

“सोडल्या.”

“अन् मी त्या लोकायले लबाड म्हनलो.”

गेलेली नजर परत येणार नव्हती, हेही मी सांगितलं. पण मान डावीकडे वळवून ती बाजू शोधायची सवय लावता येते. ती पक्की झाली तर काम पुन्हा जमेल, असं मी म्हणालो. जमेलच असं नाही म्हणालो, पण त्यांनी तसंच ऐकलं. दिवाळीनंतर उन्हाळी धानाच्या पाण्यासाठी सभा होणार होती आणि पाणकर कोण हे तिथं ठरणार होतं. त्यांना फावडं परत हवं होतं, आणि त्याहून जास्त, आपण पाण्यात सोयरा पाहिला नाही हे गावानं मानायला हवं होतं.

दर मंगळवारी ते एसटीनं यायचे. दवाखान्याचा व्हरांडा आमचा पाट झाला. दोन्ही भिंतींवर मी बांधीवाल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. चौथीपर्यंत शिकलेले ते, काठीचं फावडं करून निघायचे. डावीकडे मान वळवायची, चिठ्ठी शोधायची, काठी टेकवायची, नाव वाचायचं आणि “भरली” म्हणायचं. पहिल्या दिवशी डाव्या भिंतीवरची एकच सापडली. आमच्या सिस्टरबाई म्हणायच्या, “सर, फरशी पुसली आहे, पाणी जरा जपून सोडायला सांगा.” ते हसायचे आणि पुन्हा पहिल्या चिठ्ठीपासून सुरू करायचे. घरीही सराव चालायचा. म्हातारी म्हणाली, “झोपेत बी मुंडी फिरवून राहिला बुढा.”

आठव्या मंगळवारी एकही चिठ्ठी सुटली नाही. दोन्ही तळहात पुढे धरून ते म्हणाले, “साहेब, आता सभेले तुमी याच.”

मी गेलो. नवा कागद लिहून नेला होता, त्यात आजाराचं नाव, मेंदूचा भाग, सगळं. तळ्याच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, माणसं बसली होती. मी वाचून दाखवलं आणि माझी चूकही कबूल केली. डाव्या अंगाचा एक बांधीवाला उठला.

“पयला कागद तुमचाच, हा बी तुमचाच. खरा कोनता समजाचा आमी?”

त्याचं चूक नव्हतं. त्याचं धान वाळलं होतं. मी म्हणालो, कागद राहू द्या, डोळ्यांनीच पाहा. पाणकरांना मधे बसवलं, त्यांच्या डावीकडे हात नेला, दोन बोटं वर केली आणि विचारलं, “काही दिसतं का?”

आणि त्यांनी, मी शिकवलं होतं तशी, अगदी व्यवस्थित, मान डावीकडे वळवली.

“दोन बोटं जी!”

त्यांच्या चेहऱ्यावर पास झालेल्या पोराचा आनंद होता.

“दिसते नं बुढ्याले!” कोणी तरी ओरडलं.

मी घाईघाईनं म्हणालो, असं नाही, सरळ पाहा, माझ्या नाकाकडे. त्यांनी पाहिलं. आता काय दिसतं? “काहीच नाही.” त्यावर सगळी पाळ हसली. “डाक्टरनं म्हनलं का दिसते, डाक्टरनं म्हनलं का नाही दिसत!” मी बराच वेळ समजावत होतो, पण कोणी ऐकत नव्हतं. पाणी दुसऱ्याकडे दिलं गेलं.

सडकेपर्यंत ते माझ्यासोबत चालत आले, मला उजवीकडे ठेवून. “माहं काही चुकलं काय जी?” त्यांनी विचारलं. “तुमीच तं म्हनलं होतं, मुंडी फिरवा.”

नाही चुकलं, मी म्हणालो.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. नंतरही नाहीत. चिठ्ठ्या पाहून पेशंट विचारायचे, ही कोणाची नावं? एक दिवस रंगकाम निघालं आणि त्या गेल्या. मी त्यांच्या गावी जाईन जाईन म्हणत राहिलो. पावसाळ्यात त्यांना दुसरा झटका आला, हे मला कळलं तेव्हा ते जाऊनही महिना झाला होता.

म्हातारीनं मला ओसरीत बसवलं, चहा दिला. या वेळी ती भांडली नाही. आतली रिकामी खाट दारातून दिसत होती.

“तीन आठवडे होता खाटेवर,” ती म्हणाली. “दरवाजा डाव्या अंगाले पडे त्याच्या. म्या म्हनलं, खाट फिरवून देतो, लोकं येतीन जातीन ते दिसतीन. तं नाही म्हने. घडीघडी मुंडी फिरवे अन् दरवाज्याकडे पाहे. डाव्या अंगाच्या बांधीवाल्यायचं कोनी आलं काय, इचारे.”

“आलं होतं कोणी?”

“नाही जी.”

चहा संपवून मी कप खाली ठेवला. बाहेर पाटाला पाणी होतं. मी शिकवलेला तेवढा एकच व्यायाम त्यांनी शेवटपर्यंत केला.