नाकाबंदीत पिशवीतून निघालेली कातर

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे.

होटगी रोडच्या नाकाबंदीत आमची गाडी अडवली. हवालदारांनी कागद मागितले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घाईने पिशवीत हात घातला आणि आधी बाहेर आली मेंढ्यांची लोकर कापायची मोठी कातर.

हवालदार मागे सरकले, काठी उगारली. “टाका खाली!”

“सायेब, मेंढरं कातरायची हाय की ही!” आप्पा कातर हलवूनच समजावत होते.

“आप्पा, आधी ठेवा!” मी किंचाळले. त्यांनी ठेवली.

पिशवी तपासून कातर परत दिली. “काका, आमालाबी धड घरी जायचंय,” हवालदार म्हणाले.

झडतीत स्वतःला जपायला पोलीस कुठवर जाऊ शकतात, याचा नियम कुणाला माहीत आहे का? ती काठी बसली असती, तर मी चूक कुणाची म्हणाले असते?