एकदाच न पेटलेला दिवा

समजा, तुमच्यासमोर टेबलावर जेवणाच्या डब्याएवढा एक धातूचा खोका ठेवलाय. तो लढाऊ विमानातल्या खुर्चीखाली बसणार आहे. विमान आता वाचत नाही असं दिसलं की वैमानिक दोन पायांमधली मूठ ओढतो. खुर्ची त्याच्यासकट बाहेर फेकली जाते आणि तिथून पुढे त्याच्या हातात काहीच राहत नाही. पॅराशूट कधी उघडायचं ते हा खोका ठरवतो. फार वेगात असताना उघडलं तर कापड फाटतं, उशिरा उघडलं तर जमीन आधी येते. खोक्यातला प्रोग्रॅम तुम्ही तपासायचा आणि ‘चालेल’ म्हणून सही करायची. करा बरं.

आमच्या विभागात ही सही जी करते, तिला सगळे शंकासुर म्हणतात. अगदी तोंडावर. ती रागावत नाही. उलट फोन उचलून, “हं, शंकासुर बोलतेय,” असं म्हणते. पूर्वी ती कपडे धुण्याच्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहायची. “तिथे चुकलं तर फार तर मोजे ओले राहायचे,” ती सांगते. “झोप लागायची तेव्हा.”

सकाळी घराला कुलूप लावून ती दोनदा ओढून बघते, जिना उतरते, परत चढते आणि तिसऱ्यांदा ओढते. खाली स्कूटर सुरू करून उभा असलेला नवरा ओरडतो, “अगं, तुझ्या ओढण्यानंच तुटेल ते एक दिवस! चोराला मेहनतच नको!” घरी कामाबद्दल बोलायची मनाई आहे, त्यामुळे सासूबाईंना फक्त ‘खुर्च्या’ एवढंच माहीत. “एवढं शिकून खुर्च्या!” म्हणून त्यांनी आधी कपाळाला हात लावला होता. मग एकदा त्यांनी जेवणघरातली डुगडुगणारी खुर्ची तिच्यापुढे आणून ठेवली. “तिकडे पगार घेऊन करतेस ते घरात फुकट कर जरा.” तिनं स्क्रू आवळला आणि सासूबाईंना बसायला द्यायच्या आधी स्वतः चारी बाजूंनी झुलून पाहिलं.

प्रोग्रॅम लिहिणारा तिच्या समोरच्याच टेबलावर बसतो. त्याचं नाव बिनधास्त. जो लिहितो त्यानं तपासायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. आपल्या लेकराच्या नाकातला शेंबूड आईला दिसत नाही म्हणून.

तर झालं असं. विमान उंचावर जातं तिथे कडाक्याची थंडी असते, म्हणून खोका एका शीतकपाटात ठेवतात. बाहेरून वायरींतून त्याला खोटी उंची आणि खोटा वेग पुरवतात आणि मूठ ओढल्याचा इशारा देतात. खोक्यानं पॅराशूटचा हुकूम सोडला की हिरवा दिवा पेटतो. महिनाभर तो दर वेळी पेटत होता. एका दुपारी जेवण झाल्यावर शंकासुरनं बटण दाबलं आणि दिवा पेटला नाही.

तिनं परत दाबलं. पेटला. परत. पेटला. संध्याकाळपर्यंत ती दाबत राहिली आणि तो आज्ञाधारक पोरासारखा पेटत राहिला.

“दिवा गेला असेल,” बिनधास्त म्हणाला.

“गेलेला दिवा आपणहून परत येतो का?”

“मग वायर हलली असेल. त्या थंडीत माझीसुद्धा हाडं हलतात.”

दोष पकडायला म्हणून प्रोग्रॅममध्ये एक जास्तीची ओळ घातली. आता मी उंची वाचतोय, आता वेग वाचतोय, असं खोक्यानं संगणकाच्या पडद्यावर बोलून दाखवायचं. ती ओळ घातल्यापासून दिवा एकदाही चुकला नाही. आठवडे गेले. साहेब खूश झाले. “मग ती ओळ राहू द्या की तशीच! बोलका खोका तर बोलका खोका.”

शंकासुरला ते पटेना. ती ओळ काही दुरुस्त करत नव्हती. बोलण्यात खोक्याचा अगदी किंचित वेळ जात होता आणि तेवढ्यानं चुकीचा क्षण टळत होता, इतकंच. “साहेब, घरात साप दिसला. आपण ढोल बडवला आणि तो दिसेनासा झाला. मग साप गेला म्हणायचं का?”

“आणि ढोल थांबवला तर?”

“तर बाहेर येईल. तेव्हा पकडू.”

“आणि नाही आला तर?”

ती परत बटण दाबायला गेली.

त्याच आठवड्यात एक वैमानिक खुर्चीचं माप द्यायला आला. उंच, गुडघे कुठे ठेवावेत ते न कळणारा, सगळ्यांशी हसून बोलणारा. “मॅडम, ही खुर्ची कधीच वापरणार नाही असं बायकोला वचन दिलंय मी. तुम्ही मात्र नीट बनवा हं.” पट्टे आवळून घेता घेता त्यानं सहज विचारलं, “मूठ ओढली की उघडेल ना पण?”

‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. ती म्हणाली, “तपासतेय.”

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. “बरं,” तो म्हणाला. “वेळ घ्या.”

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. कुठेही मान वर करायची वेळ आली की ती आकाश सोडून दुसरीकडे बघायची. तिनं ती बोलकी ओळ काढायला लावली आणि बिनधास्तचा प्रोग्रॅम पहिल्यापासून वाचायला घेतला. दर ओळीला एकच प्रश्न: नेमक्या याच क्षणी कुणी मध्ये तोंड घातलं तर?

उंचीपाशी ती थांबली. उंचीचा आकडा मोठा आणि खोक्यातली चिप लहान, त्यामुळे ती तो दोन घासांत खाते. आधी एक अर्धा, मग दुसरा. दोन घासांच्या मध्येच नवी उंची येऊन बसली, तर जुन्याचा अर्धा आणि नव्याचा अर्धा जोडून तिसराच आकडा तयार होतो. जमिनीलगत असलेल्या माणसाला खोका समजतो डोंगराच्या वर. म्हणतो, अजून खूप खाली जायचंय, थांबू या. आणि ही उंची तो एकदाच वाचतो. पुन्हा विचारत नाही.

तिनं पडदा बिनधास्तकडे वळवला. तो बराच वेळ वाचत होता. “हे मी लिहिलंय?” एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं दुरुस्ती केली: दोन्ही घास होईपर्यंत नव्या उंचीनं दाराबाहेर थांबायचं. महिनाभर त्याची एकही कोटी कुणाला ऐकू आली नाही.

शंकासुरनं मग जुना प्रोग्रॅम परत घातला आणि मुद्दाम तो क्षण जुळवून आणला. दिवा पेटला नाही. साहेबांनी टाळी वाजवली. “सापडला चोर!”

“ही चूक दिवा अडवू शकते, एवढं कळलं,” ती म्हणाली. “त्या दुपारी हिनंच अडवला, हे कुठे कळलं?”

“अहो, बुटाचा ठसा जुळला! अजून काय हवंय?”

“तसे बूट बाजारात पुष्कळ मिळतात, साहेब.”

जुना प्रोग्रॅम क्षण न जुळवता, नुसताच चालवला. त्यात तो दोष आपणहून एकदाही आला नाही. तिनं वायरी बदलल्या, जोडण्या उघडून पाहिल्या, तो दिवासुद्धा काढून भिंगाखाली धरला. कुठेच काही नाही. नवा प्रोग्रॅम गारठ्यात, उष्णतेत, हादऱ्यांत दर वेळी बरोबर चालला.

मग साहेब तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले, ओरडले नाहीत. “तुम्ही सही नाही केलीत तर विमानं थांबणार नाहीत. आत्ता त्यांच्यात आहेत तेच जुने खोके घेऊन उडतील. त्यांची काय हालत आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.”

तिला माहीत होती. तिनं पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. सही केली.

खोके विमानांत बसले. तो उंच वैमानिकही त्यावरच उडतो. अजून कुणावर मूठ ओढायची वेळ आलेली नाही आणि ती येऊ नये असं शंकासुरला मनापासून वाटतं. पण ती वेळ आली नाही तर खोका खरंच बरा झाला का, हे तिला कधीच कळणार नाही. परवा डबा उघडून बसली होती, तेवढ्यात छपरावरून विमानाचा आवाज गेला. तो पार विरेपर्यंत तिचा घास हातातच राहिला. मग समोर बसलेल्या बिनधास्तला तिनं हळूच विचारलं, “आपण पकडला तो साप तोच होता ना रे? की त्याच्यासारखा दिसणारा दुसराच कुणी, आणि खरा अजून आतच बसलाय?”