दादा मला ‘तुम्ही’ म्हणाला

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि वहिनीला तर नाहीच. वहिनी मागच्या वर्षी गेली. आता सांगतो आहे ते त्यानंतर. म्हणजे माझ्यात हिंमत आली असं समजू नका. जिला तोंड द्यावं लागलं असतं ती उरली नाही, एवढंच.

मी जन्मभर कॉलेजात मराठी शिकवली. ‘तू’ कुठे आणि ‘तुम्ही’ कुठे, यावर वर्गात मी तासभर रंगून बोलायचो. मुलं हसायची. मीही हसायचो — काय करणार? पगार त्याचाच होता.

आधी दादाबद्दल सांगतो. दादा माझा थोरला भाऊ. नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात गादीवर बसायचा, थानं उलगडून दाखवायचा. फार सज्जन होता असं म्हणणार नाही. पत्ते खेळायचा, तंबाखू खायचा, लहानपणी त्याने मला बडवलंही पुष्कळ. वहिनीला टाकून बोलायचा. पण बोलणं असं, की गिऱ्हाईक भाव करायला यायचं आणि हसत हसत दोन थानं जास्त घेऊन जायचं. मला तो बाल्या म्हणायचा. बाळकृष्ण हे नाव त्याने आयुष्यात उच्चारलं नसेल. मी लेक्चरर झालो तरी आमच्या महाल भागातल्या भर रस्त्यात, माझे विद्यार्थी सोबत असताना, सायकलवरून हाक यायची — “काहून गा बाल्या, कुठी चालला?”

मला लाज वाटायची. हे आता लिहायला काही वाटत नाही, तेव्हा मात्र कानशिलं तापायची. मी ‘मले-तुले’ सोडून ‘मला-तुला’ मोठ्या कष्टाने जिभेवर बसवलं होतं. एका हाकेत तो सगळं खाली आणायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दादाच्या गालात आतून गाठ झाली. तंबाखूचीच. ती फुटली, जखम बाहेर आली, वाहू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि मद्रासच्याही पुढचं एक मोठं इस्पितळ सांगितलं. आमच्या घरातलं कोणी बल्लारशाच्या पुढे गेलेलं नव्हतं. बल्लारशा मागे पडलं की मराठी संपते, पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, भूक लागली हेसुद्धा खुणेने सांगावं लागतं — आम्हाला तो परदेशच. इंग्रजी येणारा घरात मी एकटा. म्हणून मी गेलो. त्यात मोठेपणा काही नव्हता, दुसरं कोणी नव्हतंच.

वहिनीने दुकानातल्या मलमलीचे रुमाल कापून दिले होते, जखम टिपायला. एक टिपायचा, गाडीच्या खिडकीतून टाकून द्यायचा. वास येतच राहायचा. त्या वासाबद्दल मी जास्त लिहीत नाही. दादालाही तो कळत होता, म्हणून गाडी सुटल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन पडला होता.

वर्ध्याला एक जोडपं चढलं. पुण्याचे निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको. वर्ध्याला लेकीकडे राहून मद्रासला मुलाकडे निघालेले. साधी, बोलकी माणसं. मी कॉलेजात मराठी शिकवतो कळल्यावर हेडमास्तर सावरूनच बसले. मग काय, गप्पा रंगल्या. कविता झाल्या, व्याकरण झालं. डब्यातला बेसनाचा लाडू बाईंनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “तुमच्या बोलण्यावरून तुम्ही नागपूरचे वाटत नाही हो.”

मला किती बरं वाटलं, सांगू? समोर माझा भाऊ चादरीखाली पडलाय, आणि मी फुलून गेलो आहे.

तेवढ्यात वाऱ्याची दिशा बदलली असेल. बाईंनी पदर नाकाला लावला. समोरच्या बाकाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “हे तुमच्याबरोबर आहेत का?”

इथे थांबतो जरा. कितीदा तरी इथपर्यंत येऊन मी थांबलो आहे — मनातल्या मनात सांगतानासुद्धा. काय म्हणायला हवं होतं? दोनच शब्द होते. माझे दादा. त्याला व्याकरण लागत नाही.

मी म्हणालो, “नाही हो. आमच्या ओळखीतले आहेत एक. गरीब माणूस. दवाखान्यापर्यंत सोबत करतो आहे, इतकंच.”

बाईंचे डोळे भरून आले. परक्यासाठी आजकाल कोण इतकं करतं, म्हणाल्या. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि तो हात मी ठेवू दिला. मग त्यांनी, अगदी अदबीने, विचारलं की यांना दाराजवळच्या रिकाम्या बाकावर हलवता येईल का. मी म्हटलं, विचारतो. मी वळलो तर चादर आधीच बाजूला झालेली होती. दादा उठून बसला होता. तोंडाशी रुमाल धरून त्याने माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर मी आज कदाचित हे लिहीत नसतो — आणि म्हणाला,

“तुम्ही बसा, सर. मी जातो तिकडं.”

माझ्या हातात लाडू होता. मी उठलो नाही. दादाने स्वतःची पिशवी स्वतः उचलली आणि बाक धरत धरत संडासाजवळच्या बाकावर जाऊन बसला. पुढचा सगळा प्रवास त्याने तिथे केला. मी अधूनमधून पाणी नेऊन द्यायचो, तेव्हा तो म्हणायचा, “तुम्ही काहून तरास घेता, सर.” बाई कौतुकाने बघत असायच्या.

मद्रासला ती माणसं उतरून गेली. मला वाटलं, आता हा शिव्या घालेल. एक थोबाडीत देईल, आणि मग म्हणेल, काहून गा बाल्या. मी वाट पाहत होतो, खोटं नाही सांगत. दादा म्हणाला, “सर, सामान कोणतं घेऊ?”

इस्पितळातही तेच. नर्सने मला ‘ब्रदर?’ म्हणून विचारलं की तो मान हलवून ‘सर, सर’ म्हणायचा. त्याने मला शिक्षा केली का? की मी पांघरलेलं खोटं उघडं पडू नये म्हणून सांभाळून घेतलं? मला माहीत नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. माफीही मागितली नाही — रोज उद्यावर टाकत गेलो.

तुम्हाला वाटेल, एवढंच होय? गाडीत अनोळखी माणसांपुढे एक वाक्य खोटं बोललो, त्याचं इतकं काय? मलाही बरीच वर्षं असंच मानून घ्यायचं होतं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

गाठीवर विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन आम्हाला परत पाठवलं. काही महिन्यांनी पुन्हा या, म्हणाले. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला दादा म्हणाला, “सर, तुम्ही घ्या आधी.” वहिनी हसली. दादाची नेहमीची फिरकी असेल, असं तिला वाटलं. पण दिवसांमागून दिवस गेले तरी तो काही ‘तू’वर येईना. मग एकदा तिने मला गाठून विचारलं, “भाऊजी, हे तुमाले असं काहून बोलून राहिले? तुमच्यात काही झालं का तिकडं?”

हीच वेळ होती. वहिनी समोर उभी, हाताला कणीक लागलेली. आणि मी तोंड वर करून म्हणालो, “तो शेक असतो ना वहिनी, त्याने डोक्यावर परिणाम होतो. माणूस ओळखू येत नाही कधीकधी. डॉक्टर म्हणालेच होते.”

डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते.

वहिनीने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? इंग्रजी मला येत होतं. तिने शेजारी सांगितलं, शेजाऱ्यांनी दुकानात. आणि त्या दिवसापासून दादा घरात असून नसल्यासारखा झाला. दुकानाचे शेठ भेटायला आले ते त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलले. वहिनी त्याच्याशी मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तशी बोलू लागली. तो म्हणायचा, “मले सारं समजते.” सगळे म्हणायचे, हो हो. ज्या माणसाच्या बोलण्यावर गादी चालायची त्याच्या बोलण्याला किंमत उरली नाही. आणि हे मी एका वाक्यात केलं होतं. खोलीत कोणी नसताना तो माझ्याकडे बघायचा. त्याला कळलं होतं का, हे कोणी पसरवलं? कळलंच असणार. मी पेपर उघडून बसायचो.

एका दुपारी वहिनी डोळे पुसत माझ्याकडे आली. दादाने तिला जवळ बोलावून म्हटलं होतं, “ऐक वं, मी तुले लय टाकून बोललो. तू चांगली भेटली मले.” हे सांगून ती रडायला लागली. म्हणाली, “असं ते जन्मात बोलले नाहीत, भाऊजी. आता तर पार डोकंच गेलं त्याइचं. मले कोन समजून राहिले, काय माहीत.”

मी तिला काय म्हटलं असेल? पाणी दिलं प्यायला.

दुसऱ्या खेपेची वेळ आली. दादाने साफ सांगितलं, “मले आता कुठी नेऊ नका. मले इथंच राहू द्या.” शुद्धीत, शब्द न शब्द स्पष्ट. घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त एवढं म्हणायचं होतं की याचं डोकं शाबूत आहे, हा म्हणतो ते ऐका. पण मग वहिनीने विचारलं असतं — डोकं शाबूत आहे तर हे तुम्हाला ‘तुम्ही’ का म्हणतात? त्या एका प्रश्नाच्या भीतीने मी म्हणालो, “त्यांचं मनावर घेऊ नका. तयारी करा.”

नागपूर स्टेशनवर वहिनी पोहोचवायला आली होती. गाडी हलायच्या आधी दादा खिडकीतून तिला म्हणाला, “जातो मी.” आपल्याकडे निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. वहिनीचा चेहरा उतरला. म्हणाली, “येतो म्हना.” दादाने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, “जातो.” वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी तिला हाताने खूण केली — सोडा, त्यांना कुठे कळतंय.

त्याची तिची शेवटची भेट ती. आणि त्यात मी ती खूण केली.

तिकडे पोहोचल्यावर शेक सुरूही झाला नाही. दादा गेला. आदल्या संध्याकाळी मला म्हणाला होता, “सर, तुम्ही जेवून या.” मी जेवून आलो होतो. स्मशानात तिथल्या माणसाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हणालो, माझे थोरले भाऊ. चटकन म्हणालो, जराही अडखळलो नाही. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं, त्यामुळे सांगायला काहीच लागलं नाही.

नंतर वहिनी पुष्कळ वर्षं जगली. माझं नाव निघालं की म्हणायची, भाऊजींनी भावासाठी जे केलं ते कोणी करत नाही. मी ऐकून घ्यायचो. दर वर्षी दादाच्या श्राद्धाला पहिलं पान मला मांडायची.

अशाच एका श्राद्धाला, जेवणं उरकल्यावर, आम्ही दोघेच बसलो होतो. दोघेही म्हातारे. ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, “भाऊजी, एक इचारू? त्यायनं मले त्या दिवशी चांगली भेटली म्हटलं होतं. तवा ते खरंच भानात नव्हते का?”

आता कशाची भीती होती? दादा नव्हता, ते हेडमास्तर नव्हते, नोकरीही संपली होती. एका ‘होते’ने तिला तिचा नवरा परत मिळाला असता. तिने हात थांबवला होता. ती वाट बघत होती.

मी म्हणालो, “नव्हते, वहिनी.”

तिने मान हलवली, अडकित्ता डब्यात ठेवला आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.